चेहऱ्यावरची उचल

रायपूरच्या गुढियारीतल्या ठोक बाजारात पोती मोजायचे काटे दुकानाच्या दारातच मांडलेले असतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली नववीतली एक मुलगी चपला काढून अशाच एका काट्यावर उभी राहिली. घरच्या वजनकाट्यावर तिचा विश्वास नव्हता. व्यापाऱ्याचा काटा बरोबर असणारच, असं तिचं म्हणणं. (गुढियारीत राहून ही श्रद्धा टिकवायची म्हणजे कमालच.) आकडा आला अठ्ठेचाळीस आणि तिचं तोंड पडलं. पंचेचाळीसच्या खाली यायचं होतं. मैत्रिणी मिळून गच्चीवर कोरियन गाण्यांचे नाच बसवतात, आणि मधोमध कोण उभी राहणार हे आता वजनावर ठरतं. शेजारी बिडी ओढत बसलेला हमाल तिला म्हणाला, ‘नोनी, हमन तो पचास ले कम के बोरा नइ भरन.’ सगळे हसले. ती हसली नाही.

पंचेचाळीस हा आकडा या गल्लीत कुठून आला, याचा माग काढताना मी सोलपासून नारायणगावपर्यंत जाऊन आलो, अर्थात कागदावरच. वाटेत जे दिसलं त्याचा हा आढावा.

सुरुवात कोरियातून करू, कारण तिथली व्यवस्था नवी आहे आणि तिचे बरेच कागद उजेडात आले आहेत. ली सू-मान या गायक-निर्मात्याने १९९५ साली एसएम एंटरटेनमेंट ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी एच.ओ.टी. हा पाच मुलांचा गट बाजारात उतरवला. कलाकार सापडण्याची वाट न पाहता तो घडवायचा, ही त्यामागची कल्पना. शाळकरी वयाची मुलं निवडायची, त्यांना काही वर्षं गाणं, नाच, परभाषा, कॅमेऱ्यापुढचं हसणं-बोलणं शिकवायचं आणि मग त्यातली मोजकी निवडून गट तयार करायचा. या शिकाऊ मुलांना ट्रेनी म्हणतात. शिकवणी, राहणं, जेवण यांचा खर्च कंपनी करते, आणि अनेक कंपन्यांत हा खर्च गट बाजारात उतरल्यावर त्याच्या कमाईतून वळता केला जातो. तो फिटेपर्यंत टाळ्या मुलांच्या, पैसे कंपनीचे.

या हिशोबाला पहिलं मोठं आव्हान २००९ मध्ये मिळालं. टीव्हीएक्सक्यू या तेव्हाच्या अतिशय लोकप्रिय गटातले तिघे तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात गेले. कोरियन वर्तमानपत्रांनी असल्या करारांना ‘गुलामी करार’ असं नाव दिलं होतं. त्याच वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने सात वर्षांची मर्यादा घालणारा नमुना करार जाहीर केला. पुढे २०१७ मध्ये आयोगाने ट्रेनींचे करार तपासले, तेव्हा मधूनच सोडून जाणाऱ्या मुलांकडून काही कंपन्या झालेल्या खर्चाच्या दोन-तीन पट भरपाई मागत असल्याचं दिसलं. ही कलमं बदलायला लावली गेली.

आता चेहऱ्याकडे वळू. ट्वाइस या गटातल्या मोमोने स्वतःच सांगितलं आहे की पहिल्या कार्यक्रमाआधी तिला सात किलो वजन उतरवायला सांगितलं होतं आणि आठवडाभर ती बर्फाचे खडे चघळून राहिली. ओह माय गर्ल या गटातली जिनी खाण्याच्या विकारामुळे २०१६ मध्ये थांबली आणि २०१७ मध्ये गटातूनच बाहेर पडली. एवढुसा चेहरा, टोकदार हनुवटी, दुहेरी पापणी, कागदासारखी पांढरी कातडी ही यादी कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही, पण सोलच्या गंगनम भागातल्या सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या दवाखान्यांच्या पाट्या तीच यादी वाचून दाखवतात. आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती लिहिलेलीही सापडली. हाइब या बलाढ्य कंपनीत वरिष्ठांमध्ये फिरणारे अंतर्गत अहवाल संसदेच्या चौकशीत पुढे आले. इतर कंपन्यांच्या कलाकारांच्या, त्यातल्या काही अल्पवयीन मुलांच्या, दिसण्यावर त्यात अतिशय हिणकस शेरे होते. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. मला त्या शेऱ्यांच्या भाषेपेक्षा त्यांची जागा महत्त्वाची वाटते. चहाच्या टपरीवरची ती टवाळी नव्हती. बाजाराचा आढावा घेणाऱ्या कचेरीच्या कागदात, मालाच्या प्रतवारीसारखी, ती टिपलेली होती.

प्रेमाचंही तसंच. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर एस्पा या गटातल्या करीनाचं एका नटाशी जुळल्याची बातमी आली. चाहते इतके बिथरले की त्यांनी निषेधाचा मजकूर झळकवणारा ट्रक कंपनीच्या दारात उभा केला, आणि काही दिवसांत तिने हाताने माफीपत्र लिहून प्रसिद्ध केलं. तेवीस वर्षांच्या मुलीने कोणावर तरी प्रेम केल्याबद्दल मागितलेली ही माफी. त्याच्या आधी शाइनी या गटातला जोंगह्युन २०१७ च्या डिसेंबरमध्ये, गायिका सुली २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आणि तिची मैत्रीण गू हारा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेली. तिघंही पंचवीस ते अठ्ठावीस वयातली. एकेका मृत्यूमागचं कारण बाहेरच्याने ठरवू नये. सुली आणि हारा या दोघींवर शेवटची काही वर्षं इंटरनेटवरून शिव्यांचा मारा चालला होता, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

राउरकेल्याची श्रेया लेंका २०२२ मध्ये ब्लॅकस्वान या कोरियन गटात निवडली गेली. राउरकेला आमच्याच हावडा-मुंबई लोहमार्गावरचं गाव. ती बातमी आली तेव्हा इथल्या गच्च्यांवरच्या मुलींना सोल एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. वाटणारच. पण मला त्याच रुळांवरून उलट्या दिशेला, पश्चिमेकडे जायचं आहे, कारण या सगळ्या गोष्टी मराठी माणसाला नव्या वाटायचं काही कारण नाही.

मराठी स्त्रीने कसं दिसावं याचा विसाव्या शतकातला पहिला मोठा मापदंड एका पुरुषाने घालून दिला, हे आपण कौतुकाने सांगतो आणि पुढे जातो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि पाहता पाहता घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू लागल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालू लागल्या. ज्या स्त्रियांना रंगमंचावर चढायची मुभा नव्हती, त्या रंगमंचावरच्या पुरुषाकडून बाईपण शिकत होत्या. त्याची किंमत त्या पुरुषानेही मोजली. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, आणि प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. ही हकीकत मराठीत निष्ठेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मी ती लहानपणी डोळ्यांत पाणी आणून ऐकली आहे. आता वाटतं, त्या रात्री प्रयोग रद्द करता आला असता का, असं कोणी विचारलं तरी होतं का? मंडळी, तिचे भागीदार, विकली गेलेली तिकिटं, हे सगळं त्या एका चेहऱ्यावर उभं होतं. पुढे १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढल्यावर कर्जही त्या चेहऱ्यावरच चढलं. शरीर सुटलं, वय झालं, तरी साठीच्या आसपासही त्यांच्या अंगावर शालू होता. त्यांचं सुदैव एवढंच की प्रेक्षक डोळे मिटून गाणं ऐकायला तयार होते.

हे सुदैव बायकांच्या वाट्याला आलं नाही. हंसा वाडकरांचा पहिला चित्रपट ‘विजयाची लग्ने’ १९३६ चा, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. घर चालावं म्हणून मुलगी कॅमेऱ्यापुढे उभी राहिली आणि घर तिच्यावर चालत राहिलं. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. त्याच नावाचं त्यांचं आत्मकथन १९७० मध्ये आलं, आणि पुढच्याच वर्षी त्या वारल्या. श्याम बेनेगलांनी त्यावरून १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला. आत्मकथन वाचताना जाणवतं ते असं, की दारू, नवरा, पळून जाणं या सनसनाटी गोष्टी वरवरच्या आहेत. खाली सतत एकच गोष्ट वाहते आहे. कमावणारी ती, आणि कमाई कुठे गेली हे तिला ठाऊक नाही.

तरीही चित्रपटाला थोडीतरी प्रतिष्ठा होती. या विषयाचं खरं घर तमाशात आहे.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या जत्रा कमिट्यांची माणसं येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, भाव करतात आणि सुपारी देऊन जातात. फडात कोण नाचणार आहे, हे भाव करताना विचारलं जातं. फोटो पाहिले जातात. गेल्या साली आलेली ‘ती’ आहे का, नवी कोण आहे, वय किती. फडाची किंमत वगावर किंवा ढोलकीवाल्याच्या हातावर ठरत असे, असं जुने लोक म्हणतात. असेलही. आज ती बहुतेक वेळा पहिल्या रांगेतल्या पोरींवर ठरते.

या भावाच्या आधी एक दुसरा व्यवहार झालेला असतो, त्याचं नाव उचल. हंगाम दसऱ्याच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यातल्या जत्रा संपेपर्यंत चालतो. पावसाळ्यात फड बंद. त्या महिन्यांत घर चालवायला, आजारपणाला, लग्नकार्याला कलावंत फडमालकाकडून आगाऊ रक्कम उचलतात आणि हंगामभर नाचून ती फेडतात. फडमालकाकडेही पैसा नसतो. तो सावकाराकडून किंवा ठेकेदाराकडून व्याजाने घेतो आणि जत्रांच्या सुपाऱ्या आल्या की भरतो. म्हणजे मुलगी मालकाची देणेकरी, मालक सावकाराचा देणेकरी, आणि दोघांचंही तारण एकच: पुढच्या चैत्रात लोकांनी पाहायला यावं असा तिचा चेहरा. करोनाच्या दोन वर्षांत जत्रा बंद पडल्या, तेव्हा ही उतरंड एकदम कोसळली. उचल तशीच राहिली, फेडायला हंगामच नव्हता.

गुढियारीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इथला अर्धा बाजार उधारीच्या वहीवर चालतो. माल तारण ठेवला की त्याची प्रत मालकाची राहत नाही, सावकाराची चिंता होते. तो येऊन पोत्यात बोटं घालून बघतो, ओल लागली का, कीड लागली का. ट्रेनीचं वजन दर आठवड्याला लिहून ठेवणारा कोरियन मॅनेजर आणि ‘पोरगी सुटली जरा’ म्हणणारा फडाचा हिशोबनीस हे दोघे सौंदर्याचे रसिक नव्हेत. दोघेही तारणाची देखभाल करत आहेत. या सगळ्या वाचनातून माझं मत बनलं आहे ते हे: सौंदर्याचा मापदंड वसुलीतून येतो. कर्ज जितकं मोठं आणि फेडीची मुदत जितकी आखूड, तितकी कंबर बारीक लागते.

कोणी म्हणेल, मग तमाशात कोरियासारखी शेलाटी अंगलट का नाही? लावणीची बाई भरलेली चालते, उलट भरलेलीच लागते. बरोबर आहे. मापदंड वेगळा, पण दंड तोच. नऊवारीच्या काष्ट्यात कंबर दिसली पाहिजे, पायांत प्रत्येकी शंभर-दोनशे घुंगरांचा काही किलोंचा भार बांधून तासन् तास ठेका धरता आला पाहिजे, चेहरा गोरा दिसला पाहिजे. गोरेपणावर तर सोल आणि सांगली यांचं एकमत आहे. पेट्रोमॅक्सच्या काळात तो पांढऱ्या पावडरीने आणायचे, आता मेकअपच्या थरांनी आणि इंजेक्शनांनी. आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम १९७५ मध्ये आली, आणि तिच्या नावातला गोरेपणा काढायला २०२० साल उजाडावं लागलं. नाव बदललं. जत्रेतल्या शेवटच्या रांगेला गोरी दिसायची सक्ती बदललेली नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची हकीकत इथे टाळता येत नाही. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आल्या. त्यांची अवस्था पाहून लोकच हात जोडून उठले, असं सांगतात. बालगंधर्वांच्या गोष्टीसारखीच हीही आपण अंगावर काटा आणून सांगतो. राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेतलेली ही बाई २००२ मध्ये हलाखीत गेली, आणि नंतर सरकारने तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. बाळंतपणाच्या रात्री सुट्टी नव्हती, ही गोष्ट मात्र कुठल्याच मानपत्रात दोष म्हणून आलेली माझ्या पाहण्यात नाही.

आता त्या फरकाबद्दल, जो कोरियाशी तुलना करताना लपवला तर लेख खोटा ठरेल. सोलमधली मुलगी निवडीच्या रांगेत उभी राहते तेव्हा तिचे शेजारी तिचा हेवा करतात. तमाशातल्या मुलीला रांगेत उभं राहावं लागलं नाही, ती रांगेत जन्मली. ढोलकी-फडाच्या तमाशात महार, मांग, गोपाळ अशा जातींतले कलावंत, आणि संगीत बारीत मुख्यत्वे कोल्हाटी समाजातल्या बायका. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाने या घरांतला व्यवहार मराठी वाचकापुढे मांडला. मुलगी नाचायला लागली की चिरा उतरवायचा, म्हणजे पहिल्या पुरुषाशी रकमेचा सौदा, आणि त्यानंतर तिने लग्न करायचं नाही. तिच्या कमाईवर भाऊ, भाचे, सगळं घर. करीनाच्या माफीपत्राशेजारी ही रीत ठेवून पाहा. एकीकडे चाहत्यांची समजूत मोडू नये म्हणून प्रेम लपवायचं, दुसरीकडे गिऱ्हाइकाचा हक्क जाऊ नये म्हणून लग्नच नाकारायचं. रंगमंचावरची बाई कुणा एकाची नसावी, हा आग्रह दोन्हीकडे एकच आहे. फरक इतकाच की कोरियन मुलगी सात वर्षांनी करारातून सुटते. जातीला मुदत नसते.

शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात लावणी कलावंतांवर लिहिताना या देखण्या कलेमागची जातीची मजुरी दाखवून दिली. अलीकडे सिनसिनाटी विद्यापीठातल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी, ज्यांना २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या ग्रंथात तोच धागा पुढे नेला. तमाशातल्या दलित बाईला ‘अश्लील’ ठरवून समाजाने स्वतःला सभ्य कसं ठरवलं, हे त्यात वाचायला मिळतं. संगीत बारीतल्या बायकांशी बसून-बोलून लिहिलेलं भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ (२०१४) हेही या विषयावरचं वाचावंच असं पुस्तक. चौफुला, मोडनिंब, जामखेड इथल्या थिएटरांतल्या बायका त्यात स्वतःच्या आवाजात बोलतात, आणि कुठेही कीव करून घेत नाहीत.

सभ्यतेचा हा खेळ सरकारनेही खेळून पाहिला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली, मग सुधारणेची समिती नेमली आणि धुतलेल्या तमाशाला परवानगी दिली. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली. उच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तेच कायम केलं, तरी वेगवेगळ्या कायद्यांच्या वाटेने अडथळे २०१९ पर्यंत चालले. दोन्ही वेळा चर्चा बाईने किती अंग झाकलं याची झाली. तिच्या अंगावर कर्ज किती, हे कोणी विचारलं नाही.

चित्रपटाने तर गंमतच केली. सुलोचना चव्हाण डोक्यावरचा पदर ढळू न देता लावणी गात, आणि पडद्यावर दुसरी नटी नाचे. आवाज घरंदाज, अंग भाड्याचं. सुलोचनाबाईंच्या गाण्याबद्दल मला आदरच आहे. पण मराठी मध्यमवर्गाला लावणी गोड लागली ती अशी दोन तुकड्यांत वाटून दिल्यावरच. बारीतल्या बाईला ही सोय नव्हती. तिला गळाही स्वतःचा आणि कंबरही स्वतःचीच आणावी लागे.

पुरुषही यातून सुटलेले नाहीत. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ (१९७८) कादंबरीतला पैलवानी अंगाचा गुणा फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो. कमावलेलं शरीर तो उतरवतो, आणि त्याबरोबर गावातली इज्जतही उतरते. २०१० मध्ये आलेल्या चित्रपटामुळे ही गोष्ट घरोघरी गेली. मराठी पडद्यावरचे अनेक नाचे ज्यांनी उभे केले त्या गणपत पाटलांना आयुष्यभर रस्त्यावर टोमणे ऐकावे लागले. आज कोरियन मुलांच्या नाजूक चेहऱ्यांवर जे फाजील विनोद आपल्याकडच्या व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यांचा वंश तोच.

आता घराकडे. छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यात बायकांची कामं पुरुषच करत आले, त्यांना परी म्हणतात, आणि आमच्याकडची देवार बाई हीच तुमच्याकडची कोल्हाटीण. याच मातीत दोन माणसांनी मापदंडाला नकार देऊन दाखवला. रायपूरला १९२३ मध्ये जन्मलेले हबीब तनवीर सुरुवातीला गावच्या कलावंतांना हिंदी बोलायला आणि आखलेल्या जागेवर उभं राहायला लावत. कलावंत अवघडत होते. १९७३ च्या रायपूरच्या नाचा कार्यशाळेच्या सुमारास त्यांनी तो हट्ट सोडला. ज्याची जी भाषा, ज्याचं जे अंग, तसंच रंगमंचावर. देवार समाजातली फिदाबाई मरकाम त्यांच्या ‘चरणदास चोर’मध्ये राणी झाली, आणि १९८२ मध्ये या नाटकाने एडिंबरा महोत्सवात पारितोषिक पटकावलं. राणी कशी दिसते, हे त्यानंतर निदान आम्हाला तरी कोणी शिकवू नये. दुसऱ्या तीजनबाई. भिलाईजवळच्या गनियारीच्या. बायकांनी पंडवानी, म्हणजे गाऊन सांगायची महाभारताची कथा, बसून गायची, उभ्याने गाणं पुरुषांचं, हा नियम मोडला म्हणून समाजाने त्यांना बाहेर काढलं. २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या या बाईच्या हातातला तंबोरा कधी गदा होई, कधी रथ. त्यांचं वजन किती, असा प्रश्न कोणाला सुचल्याचं मी ऐकलेलं नाही. दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांचा चेहरा कोणाकडे गहाण नव्हता. तनवीरांचं नया थिएटर पैशाने कायम तंगीतच होतं, पण तिथे उचलीवर नाच नव्हता.

कायद्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार रस नाही. कोरियाने २०१४ मध्ये अल्पवयीन कलाकारांच्या कामाच्या तासांवर आठवड्याची मर्यादा घातली आणि रात्रीच्या कामाला आवर घातला. पण २०२४ मध्ये न्यूजीन्स या गटातली हानी संसदेच्या समितीपुढे छळाची तक्रार सांगून आली, आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या कामगार खात्याने कळवलं की ती कायद्याच्या व्याख्येत कामगार बसत नाही. आपल्याकडे २०१७ पासूनचे नियम सांगतात की बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून अधिक आणि सलग तीन तासांहून अधिक राबवू नये, आणि त्याच्या कमाईचा किमान पाचवा हिस्सा त्याच्याच नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकावा. उत्तम नियम आहेत. मात्र ते जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीने चालणाऱ्या चित्रीकरणासाठी. गावच्या ऑर्केस्ट्रात मध्यरात्री नाचणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या बाजूने उभा राहील असा कागद सहसा नसतोच.

आणि जिथे कागद नाही, तिथे भिंतही नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केरळ सरकारने मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या स्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल खुला केला. त्यातलं जे वाचून मी थबकलो ते गाजलेल्या प्रकरणांबद्दल नव्हतं. चित्रीकरणाच्या जागी बायकांना शौचालय नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, एवढंच ते होतं. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका लोकप्रिय नर्तिकेचं कपडे बदलतानाचं चोरून केलेलं चित्रण पसरलं, तेव्हा चर्चा तिच्या नाचावर झाली. जत्रेतल्या रंगमंचामागे ताडपत्रीचं एक टोक बांबूला आणि दुसरं ट्रकच्या फाळक्याला बांधलेलं असतं, त्यावर कोणी बोललं नाही. ज्या चेहऱ्यावर सगळ्या हंगामाचं कर्ज फिटायचं आहे, त्याला रंग लावायला बंद दार मिळत नाही.

गल्लीतल्या त्या मुलीला मी यातलं फारसं काही सांगितलं नाही. नववीतल्या मुलीला उचल समजावत बसणं बरं दिसत नाही. तिच्या आईला मात्र एवढं सांगितलं, की उद्या कुठली ऑडिशन पास झाली आणि कोणी फुकट शिकवतो म्हणाला, तर खर्च कोणाच्या नावे लिहिणार हे आधी विचारा.

गावच्या जत्रा कमिट्यांना आणि दहीहंडी, गणपतीला नाचाचा कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. मराठी मुलखातली असोत की आमच्या रायपूरची. सुपारी देताना तुम्ही कागदावर तारीख, वेळ, रक्कम आणि नाचणाऱ्या मुलींची संख्या लिहिता. त्याखाली आणखी एक ओळ घाला: कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि स्वच्छतागृह यांची जबाबदारी कमिटीची. शाळेची एक वर्गखोली त्या रात्रीपुरती उघडून दिली तरी पुरते. किल्ली बहुतेक गावांत सरपंचाकडेच असते.